किरोरोची गाणी, आणि 'मिते गोरान'चं मराठी

शेंगोळे | मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी, मी पुण्यात संध्याकाळच्या बॅचला जपानी शिकवते. एन-५, म्हणजे मुळाक्षरांपासूनचे विद्यार्थी. क्रियापदाचं 'ते'रूप ('बघून', 'खाऊन' यांसारखं) शिकवून झालं की दर बॅचला एक गाणं लावते: किरोरोचं 'मिराई ए'. गाणं संथ आहे, शब्द सुटे सुटे ऐकू येतात, क्रियापदं बहुतेक झालेली असतात. गाळलेल्या जागांचा कागद वाटते, दोनदा ऐकवते, तिसऱ्यांदा वर्ग आपोआप गुणगुणायला लागतो. दहा वर्षं हाच शिरस्ता.

काल एकाने हात वर केला. "सेन्सेई, आपण 'मिते कुदासाई' शिकलो. मग ही 'मिते गोरान' का म्हणतेय?" मी नेहमीचं उत्तर दिलं, की अर्थ 'बघ'च, फक्त जरा प्रेमाने. तो म्हणाला, "प्रेमाने म्हणजे कोण कोणाला?" म्हटलं, मोठं माणूस लहानाला. "मग मराठीत काय लिहू?" फळ्यावर 'बघ' लिहिलं. पुसलं. 'पाहा' लिहिलं. तेही पुसलं. तेवढ्यात पुढची बॅच दारात येऊन उभी राहिली म्हणून सुटले.

किरोरो ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: ओकिनावातल्या योमितान गावच्या दोन शाळासोबतिणी. चिहारु तामाशिरो गाते आणि गाणी लिहिते, आयानो किंजो पियानो वाजवते आणि मागून सूर देते. जानेवारी १९९८ मध्ये 'नागाई आइदा' हे पहिलं मोठं गाणं आलं, तेव्हा दोघी जेमतेम विशीच्या. त्याच वर्षी जूनमध्ये 'मिराई ए'. २००१ मध्ये 'बेस्ट फ्रेंड', ते एनएचके या जपानी वाहिनीच्या 'चुरासान' या सकाळच्या मालिकेचं शीर्षकगीत होतं. अजून बरीच आहेत, पण भारतात जपानी शिकणाऱ्यांच्या कानावर पडतात ती मुख्यतः ही तीन.

तर प्रश्न एवढाच, की 'मिते गोरान'ला मराठीत काय म्हणाल? आणि कोणाच्या या गाण्यांच्या आठवणी असतील तर त्याही येऊ द्या.

चहाटळ | मंगळवार, रात्री १०:३१

पयला. आमच्या बॅचमध्ये एका मुलीने गाण्याचं नाव 'मिराई हे' असं वाचलं होतं. सेन्सेईंनी विचारलं, "मिराई हे काय?" तिला वाटलं अर्थ विचारतायत. म्हणाली, "हे भविष्य." वर्ग पाच मिनिटं बंद.

शेंगोळे | मंगळवार, रात्री १०:४०

@चहाटळ, हे दर बॅचला होतं! नवीन लोकांसाठी: दिशा दाखवणारा प्रत्यय जपानीत 'हे' या अक्षराने लिहितात, पण उच्चार 'ए'. म्हणून 'मिराई ए', भविष्याकडे. हा प्रत्यय मराठी माणसाला शिकवायला काही कष्ट पडत नाहीत. 'नी' म्हणजे 'ला' आणि 'ए' म्हणजे 'कडे'. पुण्याला पोचलो, पण पुण्याकडे निघालो. 'ए'मध्ये पोचायची हमी नाही, तोंड कुठे आहे एवढंच कळतं. शीर्षकात क्रियापदही नाही. नुसतंच 'भविष्याकडे'. निघाले, चालले, जा, काय हवं ते आपण भरायचं.

तानपुरा | मंगळवार, रात्री ११:०५

जपानी येत नाही, पण गाणं ऐकलं. एक शंका. ओकिनावाचं संगीत म्हटल्यावर मी वेगळंच काही ऐकायला बसलो होतो. तिथल्या पारंपरिक गाण्यांचे स्वर सा ग म प नी, रे आणि ध गायब. म्हणजे आपल्या तिलंगचा आरोहच म्हणा ना. सानशिन नावाचं सापाच्या कातड्याने मढवलेलं तीन तारांचं वाद्य असतं, त्यावर हे स्वर लागले की समुद्र समोर येतो. इथे मात्र साधा पियानो, साधे पाश्चात्त्य धाटणीचे सूर. मग यांना ओकिनावाच्या गायिका का म्हणायचं?

निशीकासाईकर | बुधवार, सकाळी ६:२०

@तानपुरा, गंमत अशी की सानशिन आणि ते स्वर घेऊन अख्ख्या जपानला वेड लावणारं 'शिमा उता' (१९९२) ज्याने लिहिलं तो काझुफुमी मियाझावा यामानाशीचा. म्हणजे डोंगरातला, समुद्रकिनारा नसलेल्या प्रांतातला. आणि खरोखर ओकिनावात वाढलेल्या या दोघी पियानो घेऊन बसतात. त्यांना ओकिनावा 'दाखवायची' गरज वाटली नसावी. कोल्हापूरच्या माणसाने प्रत्येक गाण्यात हलगी वाजवायलाच हवी का?

अवांतर, पण इथल्या लोकांना आवडेल: दोघींच्याही आडनावात किल्ला आहे. किंजो म्हणजे सोन्याचा किल्ला, तामाशिरो म्हणजे रत्नांचा. ओकिनावात अशी किल्लेवाली आडनावं पुष्कळ. योमितानमध्ये झाकिमी नावाचा जुना गडही आहे, जागतिक वारशाच्या यादीतला. भिंती सरळसोट नाहीत, नागमोडी वळत जातात. आणि या 'गावा'ची वस्ती चाळीस हजार. कागदोपत्री अजून गावच, शहर नाही.

चहाटळ | बुधवार, सकाळी ९:१५

म्हणजे दोघी गडकरी!

आणि किरोरो म्हणजे काय हो? मी शोधलं तर बर्फात घसरायचं रिसॉर्ट येतंय.

निशीकासाईकर | बुधवार, सकाळी ९:५०

@चहाटळ, रिसॉर्टही आहे, होक्काइदोमध्ये. शब्द मुळात ओकिनावाचा नाहीच, तो पार दुसऱ्या टोकाचा. होक्काइदोचे मूळ रहिवासी ऐनू, त्यांच्या भाषेतला. तामाशिरो शाळेत असताना तिकडे गेली होती, तिथे हे शब्द तिच्या कानावर पडले. 'किरोरोआन' म्हणजे धडधाकट, आणि 'किरोरु' म्हणजे माणसांनी चालून चालून घट्ट केलेली रुंद वाट. देशाच्या दक्षिण टोकाच्या मुलींनी उत्तर टोकाचा शब्द उचलला.

शेंगोळे | बुधवार, सकाळी १०:०२

चालून चालून घट्ट केलेली वाट! दहा वर्षं शिकवतेय आणि हे माहीत नव्हतं. 'मिराई ए'ची सुरुवातच 'होरा', म्हणजे 'हे बघ', पायाशी बघ, ही तुझी चालायची वाट, अशी आहे. आणि तिथला शब्द 'आशिमोतो'. आशी म्हणजे पाय, मोतो म्हणजे मूळ, बुंधा. मी आजवर 'पायाखाली' सांगत आले. आता वाटतं 'पायाशी' बरं. पायाखाली म्हटलं की काहीतरी तुडवल्यासारखं होतं.

जुना_खोंड | बुधवार, दुपारी १:३०

जपानी जोडगोळ्यांवर धागा आणि सुरुवात १९९८ पासून? पोरांनो.

मी १९८३ साली नागोयाजवळच्या एका कारखान्यात यंत्रं शिकायला सहा महिने होतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक रेडिओ होता, त्यावर दिवसाआड एक गाणं लागायचं: 'मात्सु वा'. गाणाऱ्या दोघी, आमिंग. नागोयाच्याच कॉलेजकन्यका, १९८२ च्या यामाहाच्या गीतस्पर्धेत पहिल्या आल्या आणि ते गाणं त्या वर्षी जपानभर गाजलं. मला तेव्हा भाषा शून्य. आमच्या शिफ्टच्या म्होरक्याने समजावलं, 'मात्सु' म्हणजे वाट बघणे. मी लगेच दुसऱ्या दिवशी त्याला ऐटीत म्हटलं, "मात्सु वा." अख्खी लाइन हसायला लागली. तो शेवटचा 'वा' बायकांच्या बोलण्यातला! मिशाळ माणसाने 'मी थांबते हं' म्हणावं तसं झालं. निदान मराठीत क्रियापदालाच लिंग असतं, आपण असे तोंडघशी पडत नाही.

त्याआधीचं ऐकायचं असेल तर ग्रेप नावाची जोडी ऐका, १९७४ चं 'शोओरोओ नागाशी'. नागासाकीत पितरांना निरोप द्यायच्या दिवसाचं गाणं. मासाशी सादाचा आवाज आणि सोबत व्हायोलिन, इतकं हळुवार की तो सोहळाही असाच शांत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती मिरवणूक म्हणजे फटाक्यांचा धूर आणि झांजांचा दणदणाट, कानात बोळे घालावे लागतात. घरच्या गणपतीचं विसर्जन आणि लक्ष्मी रोड यांतला फरक समजा.

तानपुरा | बुधवार, दुपारी २:१०

@जुना_खोंड, दंडवत. 'मात्सु वा' आत्ताच ऐकलं. दोन बायकांचे आवाज इतके सारखे, की कोण वर आणि कोण खाली हे दुसऱ्या कडव्यापर्यंत कळलं नाही. किरोरोत तसं नाही, तिथे एक आवाज पुढे आणि दुसरा सावलीसारखा.

बोचरा_वारा | बुधवार, दुपारी ३:४५

रसभंगाबद्दल क्षमस्व. मला ही सगळी गाणी शुभेच्छापत्रासारखी वाटतात. वाट, भविष्य, आई, स्वप्न, हसू. एन-५ चा शब्दसंग्रह म्हणजे काव्य नव्हे. त्याच १९९८ मध्ये युझू नावाची मुलांची जोडी आली होती, योकोहामाच्या इसेझाकिचोमध्ये रस्त्यावर गिटार घेऊन गायची. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी रस्त्यावरचा शेवटचा कार्यक्रम केला, तेव्हा वादळी पावसात साडेसात हजार माणसं उभी होती. त्यांच्या 'नात्सुइरो'मध्ये सायकल आहे, उतार आहे, मागे बसलेली मुलगी आहे, ब्रेक दाबत हळूहळू खाली जाणं आहे. डोळ्यांसमोर चित्र येतं. किरोरोमध्ये चित्र कुठाय?

शेंगोळे | बुधवार, संध्याकाळी ५:०५

@बोचरा_वारा, 'मिराई ए'पुरतं निम्मं मान्य. त्यात चित्रं कमी आहेत. आणि 'स्वप्नावर विश्वास ठेव' हे मलाही भिंतीवर टांगायच्या फलकासारखं वाटतं, तिथे मी वर्गात प्रत्यय समजावत वेळ काढते.

पण 'नागाई आइदा'ची सुरुवात बघा. बराच वेळ ताटकळत ठेवलं, माफ कर, पुन्हा अचानक काम निघालं. एवढंच. चंद्र नाही की फूल नाही, कामावरून उशीर झालेला माणूस. 'मातासेते' हे प्रयोजक रूप आहे, वाट बघायला लावलं. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, मराठी मुलाला 'ताटकळत ठेवलं' सांगितलं की विषय संपतो. पहिल्या वाक्यात माफी मागणारी किती प्रेमगीतं तुम्ही ऐकलीत? आधी हे गाणं ओकिनावातच छोट्या प्रमाणावर निघालं होतं, नंतर मोठ्या कंपनीने काढल्यावर दहा लाखांच्या वर प्रती गेल्या. ताटकळलेले बरेच असणार.

निशीकासाईकर | बुधवार, रात्री ८:५५

कराओकेचा किस्सा सांगतो. इथे जपानात डिसेंबरची ऑफिस पार्टी संपवून आम्ही सहा-सात जण एका खोलीत कोंबून बसलो होतो. मी 'मिराई ए' लावलं, कारण मला न अडखळता वाचता येणारं तेवढं एकच गाणं. पडद्यावर शब्दांवरून रंग सरकत जातो, त्याच्या मागे मागे जायचं. दुसऱ्या ओळीला तैवानची सहकारी माझ्याच चालीत चिनी शब्द गायला लागली! मला वाटलं तिला जरा जास्त झाली. तर नाही. तैवानच्या रेने लिऊने किरोरोची दोन्ही गाणी चिनीत गायली आहेत. 'नागाई आइदा'चं १९९८ मध्ये आणि 'मिराई ए'चं १९९९ मध्ये. दुसऱ्याचं नाव 'होउलाय', म्हणजे 'नंतर'. चिनी बोलणाऱ्या जगात ते इतकं लोकप्रिय, की अनेकांना मूळ जपानी आहे हेच ठाऊक नसतं.

आणि चिनीत ते आईचं गाणं नाहीच! पहिलं प्रेम हातचं गेलं, नंतर कुठे प्रेम करायला शिकले, पण तू गर्दीत हरवलास, असं. त्यात पांढरी अनंताची फुलं आहेत, निळा चुणीदार स्कर्ट आहे. @बोचरा_वारा, तुमची चित्रं तिकडे गेली.

ती म्हणत होती हे विरहगीत आहे, आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, ठाम सांगत होते की आईचं आहे, शाळेत शिकवतात. दोघांनी आळीपाळीने एकच चाल गायली. गुणांच्या यंत्राने साहेबांना ७१ आणि तिला चिनी शब्द गाऊन ८८ दिले. सुरापुढे भाषा मोजत नाहीत.

चहाटळ | बुधवार, रात्री ९:१०

साहेबांना ७१? पुढच्या वर्षीची बढती गेली की हो तुमची. (हलके घ्या.)

मुक्काम_पोस्ट | गुरुवार, पहाटे ५:४०

आजवर वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं.

सोळा वर्षांपूर्वी मी पुण्यात अशाच एका संध्याकाळच्या वर्गात 'मिराई ए'चा गाळलेल्या जागांचा कागद भरला होता. सतरापैकी चौदा बरोबर. नंतर लग्न होऊन इकडे जपानात आले, सैतामाला. मुलगा इथल्याच सरकारी शाळेत.

गेल्या मार्चमध्ये त्याच्या सहावीचा निरोप समारंभ होता. जिमच्या लाकडी फरशीवर हिरवं आच्छादन, त्यावर घडीच्या खुर्च्यांच्या रांगा. पालकांनी घरून सपाता आणायच्या आणि बाहेरचे बूट पिशवीत घालून खुर्चीखाली ठेवायचे. मी सपाता विसरले, म्हणून शाळेच्या पाहुण्यांसाठीच्या तपकिरी सपातांत पाय घसरत बसले होते. प्रमाणपत्रं झाली, भाषणं झाली. मग मुलं पायऱ्यांच्या लाकडी मंचावर चढली आणि आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. पियानोचे पहिले चार सूर वाजले आणि मला कळलं कुठलं गाणं आहे.

इतकी वर्षं मी हे गाणं आई मुलाला म्हणते असं समजत होते. 'मिते गोरान' मोठ्यानेच म्हणायचं असतं, बरोबरच आहे. पण इथे ते मुलं म्हणत होती, आमच्याकडे बघून. माझा मुलगा दुसऱ्या रांगेत, कोट उसना, बाह्या बोटांपर्यंत. घरी तो मला मराठीत 'बघ ना आई' म्हणतो, कधीच 'गोरान' नाही. तसं म्हणणं उद्धटपणा ठरेल. त्या दिवशी मात्र सगळी मुलं आपल्या आयांचंच वाक्य आयांना परत म्हणून दाखवत होती. कडव्यात तर सरळ आहे की आईने पुष्कळ माया दिली, मला तेव्हा लहानपणी कळली नाही. म्हणजे गाणारी मुलगीच, आणि ध्रुवपद तिच्या आठवणीतलं आईचं बोलणं. सोळा वर्षांपूर्वी मी या सगळ्यावर 'ते'रूप अशी पेन्सिलीने खूण केली होती.

शेजारच्या बाईने न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं. स्टेशनवर फुकट वाटतात ते, वर दंतवैद्याची जाहिरात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माझी आजी म्हणायची, 'बघ बरं'. "बघ बरं, पायात काय येतंय." मी तेच लिहीन.

शेंगोळे | गुरुवार, सकाळी ८:३०

@मुक्काम_पोस्ट, काय लिहू. नेमके कुठले तीन चुकले होते तेवढं सांगा.

मुक्काम_पोस्ट | गुरुवार, सकाळी ८:४१

तीनही 'गोरान'. तिन्ही ठिकाणी 'गोहान' लिहिलं होतं. भात.

चहाटळ | गुरुवार, सकाळी ८:४४

पायाशी भात बघ. आई गं.

बोचरा_वारा | गुरुवार, सकाळी ११:२०

@मुक्काम_पोस्ट, माझं शुभेच्छापत्रवालं वाक्य मी मागे घेत नाही, पण जरा खालच्या आवाजात म्हणतो.

व्याकरणाचा एक मुद्दा. 'गोरान' हे 'बघणे'चं आदरार्थी रूपच होतं मुळात, 'गोरान कुदासाई' आजही मोठ्यांना म्हणतात. 'गोरान नासाई'मधलं 'नासाई' हे शेपूट गळालं आणि ते लहानांसाठी उरलं. आणि 'खाऊन बघ', 'करून बघ' हा आपला प्रयोग जपानीत हुबेहूब आहे: 'ताबेते मिरु', खाऊन बघणे. त्या 'बघ'च्या जागी 'गोरान' आलं की 'ताबेते गोरान', खाऊन बघ हं बाळा. तेव्हा 'मिते गोरान' शब्दशः 'बघून बघ'. मराठीत तसं म्हणता येत नाही, मग दुसरा 'बघ' 'बरं'मध्ये किंवा 'हं'मध्ये जातो. 'बघ बरं'मध्ये थोडी ताकीद आहे. या गाण्यात ताकीद नाही, म्हणून माझं मत 'बघ हं'ला.

जुना_खोंड | गुरुवार, दुपारी १२:०५

'बघ हं' म्हटलं की पुढे धमकी येते. "बघ हं, सांगीन तुझ्या बाबांना." 'बघ तरी' घ्या.

तानपुरा | गुरुवार, दुपारी १२:५०

चालीत बसवायचं तर 'गोरान'ची शेवटची जागा लांबते. 'बरं'चा अनुस्वार तिथे छान घुमतो. 'तरी' तोकडं पडतं, 'हं' तर नाकातच जातं. म्हणून 'बघ बरं'. आता गुणगुणून खात्री केली, बायको विचारतेय काय बघू.

शेंगोळे | गुरुवार, दुपारी ४:१५

ठीक. आज साडेसहाच्या वर्गात फळ्यावर 'बघ बरं' लिहितेय, कंसात 'ताकीद नाही' असंही. कोणाला हरकत असेल तर सहाच्या आत कळवा.

निशीकासाईकर | गुरुवार, दुपारी ४:३२

आत्ता घरी आलो. इकडे आठ, म्हणजे तुमच्याकडे साडेचार, वेळ आहे. 'बघ बरं' पक्कं करा. उद्या साहेबांना सांगतो, मराठीत ७१ च्या वर नेऊ.

शेंगोळे | गुरुवार, रात्री ९:२०

सांगितलं वर्गात. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने लिहून घेतलं आणि पुन्हा हात वर केला. "सेन्सेई, मग सुरुवातीच्या 'होरा'ला काय?"